होणार, होऊ घातले आणि 'पाइपलाइन'मध्ये

धान पोटरीत आले की आपल्या आयाबहिणी म्हणतात, "आता निसवतेच." लेकीचे दिवस भरत आले की म्हणतात, "आज-उद्यावर आहे." होऊ घातलेली गोष्ट किती जवळ आली, हे आपली भाषा नेमके सांगते. इंग्रजीतही अशा पायऱ्या आहेत. या वेळी आम्ही त्या देत आहोत. मुलांना जवळ बसवून वाचा.

सर्वांत जवळची पायरी 'अबाउट टू'. गाडी सुटण्याच्या बेतात आहे, म्हणजे 'द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह.' या वाक्यात 'टुमारो' घालू नये. उद्याच्या गोष्टीला 'गोइंग टू' चालते. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर गाडी पाच वाजता 'ड्यू' आहे, म्हणजे पाच ही तिची ठरलेली वेळ. ती पाचला येईलच, असे नव्हे. परीक्षा 'अराउंड द कॉर्नर' म्हणजे अगदी तोंडावर आलेली.

'ऑन द अॅनव्हिल' हा आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रांचा आवडता शब्दप्रयोग. अॅनव्हिल म्हणजे ऐरण. पण इथे फसगत होते. मराठीत प्रश्न ऐरणीवर आला म्हणजे तो निकडीचा झाला. इंग्रजीत योजना ऐरणीवर आहे म्हणजे ती अजून घडवली जात आहे. 'इन द पाइपलाइन'चेही तसेच. तयारी चालू आहे, एवढेच त्यात कळते. हाती कधी पडेल ते कळत नाही.

हा फरक आपल्या जिल्ह्याने सोसून पाहिला आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. त्यानंतर कालव्यांची आणि पुनर्वसनाची कामे कित्येक वर्षे चालली. त्या साली जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. ज्यांचे घर-शेत पाण्याखाली गेले, त्यांना 'होणार' आणि 'होऊ घातले' यांतले अंतर वेगळे शिकवावे लागत नाही.

म्हणून घरकुलाचा, शिष्यवृत्तीचा किंवा मोबदल्याचा अर्ज 'पाइपलाइनमध्ये आहे' असे कोणी सांगितले, तर मान डोलावून परत फिरू नये. "साहेब, कोणत्या तारखेला?" असे विचारावे आणि मिळालेली तारीख लिहून घ्यावी. मुलगी इंग्रजी शिकत असेल तर तिला सोबत न्यावे. 'ऑन व्हॉट डेट?' एवढे तीन शब्द तिला आजच पाठ करू द्या.