वंशावळीला प्रश्न विचारावा कसा?

सुशिक्षित घरांत हल्लीं वंशावळ संगणकांत उतरविण्याचा उद्योग सुरू झाला आहे, आणि तो आम्हांस मनापासून पसंत आहे. छापील कुलवृत्तांताचा ग्रंथ कपाटांत जपून ठेवावा हें खरें; पण त्यांत एखादी गोष्ट हुडकावयाची म्हणजे पानामागून पान उलटीत बसावें लागतें. संगणकास प्रश्न विचारतां येतो. मात्र प्रश्न चुकला तर उत्तरहि चुकतें, आणि तें इतक्या नीटनेटक्या यादीच्या रूपानें समोर येतें कीं, शंका घेण्याचें मनांतहि येत नाहीं. गेल्या महिन्यांत आमची अशीच फजिती झाली. ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों.

आमच्या कुळाची एक शाखा साताऱ्यास व दुसरी सांगलीकडे. घरांतील जुन्या वह्या, जन्मटिपणें व श्राद्धतिथींच्या याद्या आमच्या पुतण्यानें 'ग्रॅम्प्स' नांवाच्या कार्यक्रमांत उतरविल्या आहेत. हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो, व त्यांत आपणांस हवी तशी चाळणी बांधतां येते. चाळणी म्हणजे नियमांचा समूह. 'अमक्याचे वंशज', 'अमक्या ठिकाणीं जन्म', 'अमक्या सालीं मृत्यु' असे नियम एकाखालीं एक मांडावयाचे, आणि ते सर्व लागू पडावेत कीं त्यांतला निदान एक लागू पडावा, हें ठरवून द्यावयाचें. शिवाय सबंध चाळणी उलटीहि करतां येते. मग नियमांत न बसणारीं माणसें तेवढीं निवडलीं जातात.

सांगलीकडील मंडळींचें संमेलन भरवावयाचें ठरलें, तेव्हां पुतण्यानें 'सांगली जिल्ह्यांत जन्मलेलीं माणसें' अशी चाळणी लावली व निमंत्रणें धाडलीं. आठ दिवसांनीं आमच्या मिरजेच्या आत्याबाईंचा फोन आला : "कायरे, मी काय परक्या कुळांतली? तासगांवांत जन्मलें मी!"

चूक आमचीच होती. आत्याबाईंचा जन्म 1938 सालचा. त्या वेळीं तासगांव सातारा जिल्ह्यांत होतें, आणि वहींत तसेंच लिहिलें होतें. तासगांव, खानापूर, वाळवें हे जुन्या सातारा जिल्ह्यांतील तालुके व आसपासचा संस्थानी मुलूख मिळून 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्यापूर्वींची सांगली म्हणजे पटवर्धनांचें संस्थान. किर्लोस्करवाडी 1910 सालीं वसली ती औंध संस्थानांत. गांवें जेथल्या तेथेंच राहिलीं, जिल्हे मात्र त्यांच्यावरून सरकत गेले. म्हणून स्थळाचा प्रश्न जिल्ह्याच्या नांवानें न विचारतां गांवांच्या नांवानें विचारावा. किंवा एकेक गांव कोणत्या सालापासून कोणत्या जिल्ह्यांत होतें, हें आधींच नोंदवून ठेवावें. ग्रॅम्प्समध्यें तशी सोय आहे.

दुसरें कालाचें. 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथींत आपल्या कुळांतलीं कोण कोण गेलीं, हें आम्हांस पाहावयाचें होतें. वहींत मात्र 'शके 1840, आश्विन' अशा नोंदी. या कार्यक्रमाच्या कालगणनांत शालिवाहन शक नाहीं. शकांत 78 मिळवावे, वर्षाच्या अखेरच्या सुमारें तीन महिन्यांस 79 मिळवावे, आणि मूळ तिथि टीपेंत जशीच्या तशी ठेवावी. तिथि ठाऊक नसेल तेथें 'सुमारें 1918' असें घालूं नये. कारण 'सुमारें' या शब्दास कार्यक्रम दोहों बाजूंस 50 वर्षांची मोकळीक देतो, आणि साथीच्या यादींत भलतींच माणसें येऊन बसतात. ही मर्यादा आपणांस कमी करतां येते, ती अवश्य करावी.

क्षमा मागावयास आम्ही पुतण्यासह मिरजेस गेलों. आत्याबाईंनीं चहा दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या यंत्राला विचार बरें, माझ्या आजीचें माहेर कोणतें?" यंत्रांत आमच्या पणजीबाईंचें सासरचें नांव होतें, पुढची जागा कोरी. आत्याबाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. पण हें कोणीं विचारलेंच नाहीं कधीं."

पुतण्या तेथेंच चाळणी बांधूं लागला. प्रथम 'आईबापांची नोंद असलेल्या विवाहित स्त्रिया' अशी चाळणी करून ती त्यानें उलटविली. झालें! सगळे पुरुष आणि अविवाहित मुलीहि यादींत आल्या. कारण त्याहि मूळ चाळणींत बसत नव्हत्याच. मग 'आईबापांची नोंद असलेलीं माणसें' एवढ्या एकाच नियमाची चाळणी उलटी केली, आणि ती 'स्त्री' व 'विवाहित' या नियमांबरोबर दुसऱ्या चाळणींत बसविली. आतां यादी बरोबर आली, आणि ती पाहून आम्ही ओशाळलों. दोन पानें भरलीं होतीं. आमच्या घराचा वंश जिनें जिनें चालविला, त्या बहुतेक सगळ्या त्यांत होत्या. पुरुषांच्या सात पिढ्या आम्हांस तोंडपाठ. त्यांच्या आयांचीं माहेरें मात्र कोणाच्या वहींत नव्हतीं.

आत्याबाईंनीं चष्मा लावला. बसल्या बैठकीस सात जणींचीं माहेरें त्यांनीं सांगितलीं : कोणी वाईची, कोणी कऱ्हाडची, दोघींचीं तर लग्नापूर्वींचीं पाळण्यांतलीं नांवेंहि. आठव्या नांवाशीं त्या थांबल्या. "हें थोरल्या आक्कांना ठाऊक होतें," म्हणाल्या. थोरल्या आक्का गेल्या वर्षीं वारल्या.

वाचकांच्या घरीं वंशावळ संगणकांत असेल, तर हीच चाळणी त्यांनीं प्रथम बांधावी, आणि निघालेली यादी मोठ्या अक्षरांत छापून घरांतील वृद्ध स्त्रियांपुढें ठेवावी. हें काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलूं नये. आम्ही पुढच्या रविवारीं पुन्हां मिरजेस जाणार आहों.