गाडी कमी चालली, म्हणून टायमिंग बेल्ट तरुण राहत नाही

जुनी गाडी घेताना आपल्याकडे टायर पाहतात, बॅटरी कोणत्या सालची ते विचारतात, बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, इन्शुरन्सची तारीख तपासतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे मात्र फार कमी जण विचारतात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘गाडी चाललीच किती आहे?’

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरसारख्या गावात हे उत्तर बहुतेकदा खरंही असतं. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथीयांचं तीर्थक्षेत्र. बाहेरून भाविकांच्या गाड्या येतात, मराठी भाषा विद्यापीठामुळे वर्दळही वाढली. पण गावातल्या घरची चारचाकी रोज निघत नाही. शेतात जायला दुचाकी पुरते. चारचाकी निघते ती लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर अमरावतीच्या कामाला. त्यामुळे १२ वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ५०-६० हजार किलोमीटरच दिसतात आणि मालक निश्चिंत असतो. धोका नेमका तिथेच आहे.

हा बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो, वर कॅमशाफ्ट वॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायलाच हवा. हा मेळ दातेरी रबरी पट्टा राखतो, तोच टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्टचे दोन-चार दाते सरकले तरी हा मेळ बिघडतो.

बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, क्रँकशाफ्ट मात्र वेगात असल्याने आणखी काही फेरे मारतो. जे वॉल्व्ह उघडे राहिले, त्यांच्यावर खालून पिस्टन आदळतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यातली जागा फारच कमी असते, त्यामुळे वॉल्व्ह वाकणं जवळपास ठरलेलंच. मग हेड उतरवा, वॉल्व्ह बदला, गाइड तपासा, नशीब वाईट असेल तर पिस्टनही बदला. काही हजारांत झालं असतं ते काम अनेक पटींनी महाग पडतं.

पैशांपलीकडचंही एक आहे. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते. रात्री दोन गावांच्या मध्ये, मागून संत्र्याचा भरलेला ट्रक येत असताना ही वेळ आली तर वॉल्व्हचा हिशेब कुणालाच सुचणार नाही.

वर्षं का मोजायची?

बेल्ट रबराचा असतो, आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतं, ते कडक होतं, दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात. म्हणूनच कंपन्या बेल्टची मर्यादा किलोमीटर आणि वर्षं अशी दुहेरी देतात आणि जी आधी येईल ती पाळायला सांगतात. अनेक इंजिनांसाठी ती साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा ४ ते ६ वर्षं अशी असते. काही गाड्यांत जास्तही असते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. आपल्याकडे या वाक्यातला पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा कुणी वाचत नाही.

त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, गाडी टिनाच्या शेडखाली नाहीतर उघड्यावर उभी असते. आधी कुणी बेल्ट बदलला असेल आणि कव्हरचे दोन बोल्ट लावायचे राहिले असतील, तर धूळ थेट दात्यांत जाते. कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळत असेल तर ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं. यातलं बाहेरून काहीच दिसत नाही.

बेल्ट जायच्या आधी आवाज देईलच, हा एक मोठा गैरसमज. सकाळी गाडी सुरू करताना चिरचिर करतो तो बाहेरचा फॅन बेल्ट. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो आणि बऱ्याचदा काहीही न सांगता तुटतो. गॅरेजच्या बिलावर नुसतं ‘बेल्ट बदलला’ असं लिहिलेलं असेल, तर कोणता, हे विचारून घ्यावं.

सगळ्याच गाड्यांत हा बेल्ट नसतो. मारुती ८००, अल्टो ८००, ओम्नी, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, क्वालिस, २०१६ पर्यंतची डिझेल इनोव्हा, डस्टर आणि लोगन डिझेल यांत बेल्ट आहे. स्विफ्ट डिझेल आणि अल्टो के१० मध्ये चेन आहे. चेनच्या गाडीला वेळेवर ऑइल बदलणं महत्त्वाचं, तिथे कुणी टायमिंग बेल्टचा खर्च सांगत असेल तर दुसरं गॅरेज बघावं. इनोव्हाच्या डॅशबोर्डवर बेल्टसाठी वेगळा दिवा आहे. पण तो किलोमीटर मोजून लागतो, बेल्टची तब्येत बघून नाही. शिवाय बेल्ट न बदलताही तो रीसेट करता येतो.

नुसता बेल्ट की पूर्ण किट?

काटकसरीची सगळ्यात महागडी चूक इथे होते. बेल्टपर्यंत पोचायला चाक, क्रँक पुली, कव्हर आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं एक माउंटिंगही काढावं लागतं. खरी मजुरी या खोलण्याची असते. एवढं खोलून नवा बेल्ट जुन्या टेन्शनरवर चढवला आणि सहा महिन्यांत टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं, तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर जातो. टेन्शनर आणि आयडलर बेल्टसोबतच बदलावेत. सील ओलं दिसलं तर तेही. डस्टर, लोगनच्या डिझेल इंजिनात वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, तिथे पंप आणि कूलंट त्याच दिवशी उरकणं शहाणपणाचं. किट नावाजलेल्या कंपनीचं आणि बिलासह घ्यावं.

काम झाल्यावर चावी लावण्याआधी मिस्त्रीने पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायला हवा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का ते बघायला हवं. याला पाच मिनिटं लागतात. मालकाने तेवढा वेळ शेजारी उभं राहावं, मिस्त्री वैतागला तरी चालेल.

‘८० हजारांच्या गाडीत एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. पण बेल्ट तुटल्यावर खरी पंचाईत स्वस्त गाडीचीच होते. हेडचं काम गाडीच्या किमतीच्या जवळ जातं आणि चांगली चालणारी गाडी भंगारात निघते. दोन-तीन महिन्यांत गाडी मोडीतच काढायची असेल, तर खर्च न करणं समजू शकतं. पण १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करून, २०२२ पासून लागू झालेली ५,००० रुपयांची फी भरून गाडी पुढे चालवायची असेल, तर बेल्टसाठी हात आखडण्यात अर्थ नाही. त्या तपासणीत कुणी टायमिंग कव्हर उघडत नाही. पीयूसीलाही बेल्टचा पत्ता नसतो. कागद नवे झाले, बेल्ट जुनाच राहतो.

म्हणून जुनी गाडी घेताना बेल्टचं बिल मागावं. बिल नसेल तर बेल्ट संपलेला धरून किटचा आणि मजुरीचा खर्च सौद्यातच कमी करून घ्यावा, आणि पहिल्या आठवड्यात काम उरकावं. मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवलेला असू शकतो. गाडीचं वय मात्र आरसीवर छापलेलं असतं.

गॅरेजवाल्यांनीही एक करावं. बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून बोनेटच्या आत एक स्टिकर चिकटवावं. ऑइल बदलल्यावर असं स्टिकर लावणारी गॅरेजं आहेतच, बेल्टसाठी त्याच्या शेजारी आणखी एक लागेल.