मास्तर घसरला, बदनाम कोण?

मी 'पिंजरा' तीनदा पाहिला. १९७२ चा, शांतारामबापूंचा. दोस्तांनो, नीट बघा. मास्तर स्वतःच्या पायानं फडावर जातो. मेल्याचं सोंग घेतो. गाव त्याचा पुतळा पूजतं. अन् बदनाम होते नाचणारी चंद्रकला! म्हणजे पुरुष नुसता घसरतो, घसरवते बाईच. वा रे न्याय!

खरा फड कुणाचा? महारामांगांच्या, कोल्हाट्यांच्या लेकींचा. विठाबाई मांग नारायणगावकर त्यातलीच. राष्ट्रपतींचं पदक मिळालं, तरी २००२ साली गेली ती हलाखीतच. कनातीमागची भूक, पाटलाची नजर, यातलं काय आलं पडद्यावर? आली फक्त कंबर.

आणि आपली पोरं? मोर्चात जयभीम, थेटरात शिट्ट्या. शिट्टी मारण्याआधी ती कुठल्या वस्तीतली, एवढं तरी विचारा की लेको!