विरारचा वन बीएचके फोटोत एवढा मोठा का दिसतो? मुठीत मावणाऱ्या लेन्सची गोष्ट

विरार वेस्टला घर शोधणारे आधी मोबाईलवर फोटो बघतात. लांबलचक हॉल, खिडकीतून आलेलं ऊन, सोफा आणि टीव्हीच्या मध्ये मुलं क्रिकेट खेळतील एवढी जागा. मग रविवारी लोकल पकडून प्रत्यक्ष बघायला जावं, तर हॉल निघतो १० बाय १४ चा.

फोटो एडिट केलेला नसतो. फ्लॅटही तोच असतो. मग गडबड कुठे होते?

गडबड लेन्समध्ये असते. म्हणजे खरं तर लेन्समध्येही नाही, ती कुठे उभं राहून वापरली यात असते. मोबाईलमधलं ‘०.५ एक्स’ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मिररलेस कॅमेऱ्यासाठी त्याच्याही पुढे जाणाऱ्या वाइड-अँगल लेन्स आता मिळतात, आणि त्या खूप छोट्या झाल्या आहेत. चीनच्या व्हीनस ऑप्टिक्स कंपनीची ‘लाओवा ९ मिमी एफ/२.८’ ही २०१८ साली आलेली लेन्स घ्या. लांबी साधारण ६ सेंटीमीटर, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. टीटीआर्टिझन, सेव्हनआर्टिझन्स अशा इतर चिनी कंपन्याही या बाजारात उतरल्या आहेत.

एवढी छोटी कशी?

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे एक आरसा असायचा. तो वर-खाली व्हायला जागा लागायची, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसवावी लागे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे. वाइड लेन्सला मात्र सेन्सरच्या जवळ जायचं असतं. त्यामुळे आरशासाठी जागा सोडून काम करायला काचांची वेगळी, अवजड मांडणी करावी लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिमी आहे.

दुसरी बचत ऑटोफोकसची. या लेन्समध्ये मोटर नसते, फोकस रिंग हाताने फिरवायची. ऐकायला कटकट वाटते, पण इथे फारसं बिघडत नाही. याच ९ मिमी लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/८ वर ठेवून फोकस अर्ध्या मीटरवर लावला, तर साधारण पाव मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ५० मिमीच्या लेन्सने क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल, तर फोकस १५ मीटरच्या पुढे लावावा लागतो आणि जवळचं सगळं धूसर होतं. म्हणूनच नालासोपाऱ्यातल्या चाळीच्या खोलीत हळदीचे फोटो काढताना, जिथे मागे सरकायला भिंतच आडवी येते, अशी लेन्स कामाची ठरते.

वसई किल्ल्यातही तेच. पडक्या चर्चच्या भिंतींमध्ये उभं राहिलं की कमानीपासून जमिनीपर्यंतचं सगळं एका फ्रेममध्ये साध्या लेन्सने येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे हातात धरून, चालता चालता काढता येईल अशी हलकी लेन्स तिथे सोयीची. ‘कोल्डप्ले’च्या २०१६ च्या गाण्याच्या व्हिडिओचा काही भाग याच किल्ल्यात चित्रित झाला होता. तिथे रुंद फ्रेमला कुणाची हरकत नसते. किल्ला काही कुणी टोकन देऊन बुक करत नाही.

मग खोली लांब का दिसते?

कोपऱ्याला पाठ लावून उभं राहिलं की दोन बाजूंच्या भिंतींमध्ये ९० अंशांचा कोन असतो. मिररलेससोबत मिळणारी नेहमीची १८-५५ लेन्स आडव्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त ६६ अंश बघते. ९ मिमीची लेन्स सुमारे १०५ अंश बघते. म्हणजे दोन्ही भिंती पूर्ण येतात, वर थोडी जागा उरते.

आता सोफ्याचं टोक कॅमेऱ्यापासून २ फुटांवर आहे आणि समोरची भिंत १० फुटांवर. भिंतीला टेकलेली तेवढीच मोठी वस्तू फोटोत पाचपट लहान येते. आपला मेंदू या फरकावरून अंतर ठरवतो, आणि भिंत फार लांब असल्याची समजूत करून घेतो.

मोबाईल यात भर घालतो. फोन उभा धरला की आडवा फोटो स्क्रीनवर साधारण ७ सेंटीमीटर रुंद दिसतो. ९ मिमीच्या लेन्सचा असा फोटो खऱ्या प्रमाणात दिसायला हवा असेल, तर फोन डोळ्यापासून ३ सेंटीमीटरपेक्षाही जवळ धरावा लागेल. बघतो आपण फूटभर लांबून.

काही लेन्सच्या जाहिरातीत ‘डिस्टॉर्शन नाही’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की सरळ रेषा वाकत नाहीत. फ्रेमच्या कडेच्या वस्तू तरीही ताणल्या जातात. कोपऱ्यातलं गोल घड्याळ अंड्यासारखं दिसलं, फ्रिज कपाटाएवढा रुंद दिसला, तर लेन्स वाइड आहे हे समजायचं. फाइलमध्ये लेन्सची माहिती शोधून उपयोग नाही. अशा बऱ्याच मॅन्युअल लेन्सना कॅमेऱ्याशी जोडणारे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टच नसतात.

कायदा काय म्हणतो?

रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून ग्राहकाने पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला.

पण वाइड फोटोत चुकीची माहिती नेमकी कोणती? भिंत खरी, खिडकी खरी. फोटोवर ‘हॉल २० फूट’ असं लिहिलेलं नसतं. फसवणूक बघणाऱ्याच्या अंदाजात होते, आणि अंदाजावर दाद मागणं अवघड. शिवाय १२ व्या कलमाची जबाबदारी प्रमोटरवर आहे. जुन्या इमारतीतला फ्लॅट रीसेलमध्ये विकणारा मालक प्रमोटर नसतो. गावाहून किंवा परदेशातून नुसते फोटो बघून टोकन पाठवणाऱ्यांसाठी धोका इथेच जास्त आहे.

नव्या प्रकल्पात क्यूआर कोड स्कॅन करून कार्पेट एरियाचा आकडा बघता येतो. त्यात बाल्कनी धरलेली नसते, आतल्या भिंती मात्र धरलेल्या असतात. रीसेलच्या फोटोत सगळ्यात भरवशाची खूण पायाखाली असते: टाइल्स. लेन्स टाइल ताणू शकते, तिची संख्या बदलू शकत नाही. अनेक इमारतींत २ बाय २ फुटांच्या टाइल्स असतात. भिंतीलगत ५ मोजल्या तर १० फूट, ७ मोजल्या तर १४. टाइलचा आकार मात्र आधी विचारून घ्यायचा. आणि फोटोत जमिनीवर गालिचा अंथरलेला असेल, तर तो उचलून पुन्हा फोटो पाठवा, असं एजंटला सरळ सांगता येतं.