समुपदेशकाचे काम कोण तपासते?

आमच्या कार्यालयात कॅशियरने लिहिलेले कॅशबुक दुसरा माणूस तपासून सही करतो. म्हणून कॅशियरला कोणी चोर समजत नाही. पण नवरा दारू पिऊन मारतो, असे रडत सांगणाऱ्या भगिनीला बंद दाराआड समुपदेशक काय सांगतो, हे कोण पाहते? “पोरांकडे बघून निभावून ने” एवढेच ऐकून ती परत फिरली, तर त्याच मारात जाते. असे सांगणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. त्याच्या घरात बायकांनी तेच केलेले असते, म्हणून त्याला ते शहाणपण वाटते.

समुपदेशकाने आपल्या केसेस नियमितपणे जाणत्या, अनुभवी माणसापुढे मांडायच्या, याला ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ म्हणतात. नाव जड, काम साधे. तू तिचे ऐकून घेतलेस की तूच बोलत राहिलास? जिवाचे बरेवाईट करण्याचे ती बोलली का? मग डॉक्टरांना कळविलेस का? आणि तिचे आडनाव, वस्ती कळल्यावर तुझा सूर बदलला का? हा शेवटचा प्रश्न स्वतःला कोणी सहसा विचारीत नाही.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या तज्ज्ञांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी, केंद्रावर किंवा रुग्णाच्या घरी. भेटींचे ध्वनिमुद्रण होई. दर आठवड्याला सारे समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या डॉक्टरी उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. सगळे श्रेय देखरेखीला देता येणार नाही, भेटींची पद्धतही नीट आखलेली होती. पण अशी तपासणी नसती, तर इतके नाजूक काम अशा हातांत सोपविणे मला तरी धोक्याचे वाटले असते.

आपल्या घरची गोष्ट चारचौघांत जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे, “मॅडम, तुमच्या कामावर देखरेख कोणाची? माझे बोलणे तिथे मांडताना नाव झाकता ना?” चांगल्या समुपदेशकाला याचा राग येत नाही.