बैलास विसावा, धन्यास कां नाहीं?

वैशाखांत जळगांव-भुसावळाकडे पारा 45 अंशांच्या घरांत जातो. अशा दुपारीं कोणताहि जाणता शेतकरी औत जुंपीत नाहीं. बैलाची धाप, तोंडाचा फेस, मान टाकण्याची तऱ्हा तो ओळखतो व वेळेवर जूं उतरवितो. हाच शेतकरी स्वतः मात्र रात्रभर विहिरीवर पंपाच्या विजेची वाट पाहत जागतो आणि दिवस उगवतांच पुन्हा केळीच्या बागेंत उभा राहतो. बैल पैसे मोजून आणावा लागतो व देह फुकट मिळालेला असतो, याहून या भेदाचें दुसरें कारण मला दिसत नाहीं.

या दोषापासून मीहि सुटलों नाहीं. महसूल खात्यांत कारकून असतां एके वर्षीं मार्चअखेरच्या वसुलीच्या गर्दींत मीं लागोपाठ आठ रात्री बसून हिशेब पुरे केले, व त्याचा मला अभिमानहि वाटला. त्यांतल्याच एका रात्रीं एका खातेदारानें भरलेली रक्कम मीं दुसऱ्याच्या खातीं चढविली. भरणाऱ्यास थकबाकीची नोटीस गेली. तो म्हातारा भर उन्हांत तीन खेपा आला. दोनदां मींच त्यास परत लाविलें. तिसऱ्या खेपेस त्यानें पावती पुढें केली. तीवरील अक्षर माझें होतें. थकलेल्या मनुष्यास आपण थकलों आहों हेंच कळत नाहीं, आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड बहुधा दुसऱ्यास बसतो.

उन्हाची संवय देहास एक-दोन आठवड्यांनीं होते. म्हणून हंगामाचे पहिले तापते दिवस अधिक घातक. त्या दिवसांत काम थोडें धरून हळूहळू वाढवावें, तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें. कोणी असंबद्ध बोलूं लागला तर त्यास तत्काळ सावलींत नेऊन अंग ओलें करावें व दवाखाना गांठावा. जें धन्यास तेंच सालदारासहि लागू आहे. आखाजीस त्याचें साल ठरवितांना आपण पैशाची घासाघीस करतों, परंतु दुपारच्या विसाव्याची गोष्ट क्वचितच निघते.

परंतु मुख्य प्रश्न रात्रीच्या जागरणाचा आहे. दिवसा वीज मिळावी या हेतूनें 2017 सालीं सौर कृषी वाहिनीची योजना निघाली. तिचा लाभ प्रत्येक शिवारास पोंचेपर्यंत आपण काय करावें? याचें उत्तर धुळें जिल्ह्यांतच आहे. पांझरेच्या बंधाऱ्यांखालीं कित्येक शतकें फडपद्धति चालत आली. तेथें ज्यानें त्यानें आपल्या पाण्यासाठीं जागावें अशी रीत नव्हती. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, व त्यांचा मोबदला सर्व बागायतदार मिळून देत. एका फडांत पीकहि एकच, त्यामुळें पाण्याचा हिशेब सोपा.

तीच युक्ति विहिरींस कां लावूं नये? शेजारच्या पांच विहिरींच्या मालकांनीं पाळी बांधावी; एकानें रात्रीं पांचही पंप व ठिबकाचे व्हॉल्व्ह सांभाळावे, चौघांनीं झोपावें. कोणी म्हणेल, आपलें पाणी दुसऱ्याच्या हातीं कसें सोंपवावें? बांधाच्या तंट्यांचे कागद मीं जन्मभर पाहिले आहेत. ही शंका मी हंसण्यावारी नेणार नाहीं. म्हणून पाळीची वही ठेवावी, पंप चालू-बंद केल्याची वेळ तींत लिहावी, व ती सर्वांनीं दररोज पाहावी.

माझ्या शिवारांत मीं चार शेजाऱ्यांपाशीं हा विषय काढला. तिघे तयार झाले. चौथा म्हणाला, "भाऊसाहेब, आधीं एक हंगाम तुमचें पाहतों." त्याची पाळी तोंवर मी घेणार आहें, पेन्शनरास दिवसा झोंपावयास कोणाची रजा लागत नाहीं.