दोन शब्दांचा रिपोर्ट

कोरची-कुरखेड्याकडचा पेशंट राजनांदगाववरून रायपूर गाठतो, डोंगरगडचा कधी गाडीत बसून गोंदियाला उतरतो. राज्य बदलले तरी हातातला कागद तोच: ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’. खाली सही-शिक्का. बस्स.

हा रिपोर्ट खोटा नसतो, अपुरा असतो. रायपूरच्या मेडिकल कॉलेजमधल्या मंडळींनी छत्तीसगडमध्ये साडेतीन लाखांहून अधिक जणांचे रक्त तपासले. ते काम 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. एएस पॅटर्न 9 टक्क्यांच्या आसपास, एसएस जेमतेम 0.2 टक्के. हिशेब मांडून पाहा. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत आजारी साधारण दोन, बाकी सारे वाहक. आपण लॅबवाले मात्र शंभरही जणांच्या हाती एकच कागद ठेवतो. त्या कागदापायी एखाद्या धडधाकट मुलीचे ठरत आलेले लग्न मोडते, आणि ज्या पोराला हायड्रॉक्सियुरिया मिळायला हवे ते लोहाच्या गोळ्या खात बसते.

दोष सिकलिंग चाचणीच्या मेटाबायसल्फाइट स्लाइडचा नाही. ऑक्सिजन काढून घेतला की एएसची पेशी वाकते, तशीच एसएसचीही. एस हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच ती सांगते. तेही द्रावण 2 टक्क्यांचे, त्याच दिवशी केलेले आणि कव्हरस्लिपच्या कडा नीट बंद केलेल्या असतील तर. शिळ्या बाटलीवर निगेटिव्हचे रिपोर्ट सुटतात, हे आपण सगळेच जाणतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे निगेटिव्ह ग्राह्य धरू नये. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर सोल्युबिलिटीवरही विसंबू नये. आणि रक्त कधी चढवले, हे विचारल्याशिवाय एचपीएलसीचाही आलेख वाचू नये.

आमचा खरा आग्रह आहे तो साध्या स्मिअरचा. मशीन आल्यापासून तो पाहणे म्हणजे नुसता सोपस्कार झाला आहे. एएसचा स्मिअर बहुधा नॉर्मलच दिसतो. एसएसमध्ये दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, टार्गेट सेल्स, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसतात. पेशी लहान, फिकट, टार्गेट भरपूर आणि वाकलेल्या तुरळक असतील, तर बीटा थॅलेसेमियाची जोड आहे का, हे ए2 मोजून पाहावे.

हॉवेल-जॉली बॉडीजबद्दल मात्र सावध राहावे. परदेशी पुस्तकांतल्या एसएस रुग्णाची पानथरी लहानपणीच निकामी होते, म्हणून तिथे त्या हमखास सापडतात. आपल्याकडे अरब-भारतीय हॅप्लोटाइप. एफ हिमोग्लोबिन जास्त, पानथरी बऱ्याचदा टिकलेली, किंबहुना हाताला लागण्याइतकी वाढलेली. तेव्हा त्या दिसल्या नाहीत म्हणून एसएस खोडू नये. पुस्तक कोणाच्या रक्तावरून लिहिले गेले, हेही कधी पाहावे.

1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. गावोगावचे नमुने अखेर आपल्याच टेबलावर येणार. म्हणून रिपोर्टच्या छापील नमुन्यात तीन गोष्टी घालाव्यात: स्मिअरचे दोन ओळींचे वर्णन, शेवटचे रक्त चढवल्याची तारीख, आणि ‘या चाचणीवरून वाहक की आजारी हे ठरत नाही, एचपीएलसी करावी’ ही ओळ. छत्तीसगडमधल्या वाचकांनी ती हिंदीतही छापावी.